स्वीकृत लेखाची अंतिम फाइल: जुना फॉण्ट की युनिकोड?

लेख स्वीकारल्याचं पत्र आलं की संपादकांचा पुढचा प्रश्न ठरलेला: ‘फाइल कशात आहे?’

कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टमध्ये मराठी अक्षर फक्त दिसायला असतं. आत साठवलेली असतात रोमन अक्षरं. समोरच्याकडे फॉण्ट नसला तर ‘भारत’ या शब्दाचं एच-के-के-जे-आर होतं. तरीही ही पद्धत टिकली, कारण छापखाना. पानं जुळवण्याच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती 2001ची, तिला युनिकोड (मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणारी पद्धत) कळत नाही आणि अनेक अक्षरजुळणीकारांचा हात अजून तिच्यावरच बसलेला. नियतकालिक फक्त छापील असेल आणि जुळणीकार तेच मागत असेल, तर उगाच वाद घालू नये.

युनिकोडचा फायदा छपाईनंतर कळतो. पीडीएफमध्ये शब्द शोधता येतो, सारांश संकेतस्थळावर तसाच चिकटवता येतो. पानं जुळवण्याच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये, इनडिझाइनमध्येही चालतं, फक्त भारतीय लिप्या नीट जुळवणारा ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर हा पर्याय निवडावा लागतो. नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात.

खरी गोची जुन्या फॉण्टमधून युनिकोडमध्ये होणाऱ्या रूपांतरात. माझ्या एका लेखात सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ कन्व्हर्टरमधून बाहेर पडल्या त्या ‘दर्या’ होऊन. डोंगरात समुद्र! स्पेलचेकला दोन्ही शब्द बरोबरच. तेव्हापासून मी ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि तळटीपांचे आकडे कागदावर काढून तपासतो.

माझं मत युनिकोडच्या बाजूने. कुठलीही फाइल पाठवा, सोबत पीडीएफ जोडा. अक्षर मूळचं कसं होतं, हे जुळणीकाराला त्यावरूनच कळतं.