पर्थ की अ‍ॅडलेड? हवामानापुरतं बोलायचं तर

ऑस्ट्रेलियातल्या या दोन्ही शहरांत उन्हाळा कोरडा आणि पाऊस थंडीत. कारणही एकच: उन्हाळ्यात उच्च दाबाचा पट्टा दक्षिणेला सरकून पाऊस अडवून धरतो, हिवाळ्यात तो उत्तरेला गेला की वाट मोकळी होते. म्हणून ‘हवामान सारखंच हो’ असं कुणीही सांगेल. राहायला गेलं की फरक कळतो.

जानेवारीतलं सरासरी कमाल तापमान पर्थला साधारण ३१ अंश, अ‍ॅडलेडला ३०च्या आसपास. या आकड्यांवर जाऊ नका. पर्थचा उन्हाळा लांबलचक आणि एकसुरी. सकाळी वाळवंटाकडून तापलेला पूर्वेचा वारा, दुपारनंतर समुद्रावरून नैऋत्येचा गार वारा. त्याला तिथले लोक ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात. तो आला की खटाखट खिडक्या उघडायच्या. किनाऱ्यापासून जितकं आत जाल तितका हा डॉक्टर उशिरा येतो, कधी येतच नाही. आतल्या उपनगरात घरभाडं कमी दिसलं, तर विजेच्या बिलाचाही विचार करा.

अ‍ॅडलेडचा उन्हाळा लहरी. काही दिवस अगदी सुखाचे, मग उत्तरेचा वारा सुटला की चाळिशी पार. २४ जानेवारी २०१९ला तिथे ४६.६ अंश नोंदले गेले. अशा लाटेत रात्रीही सुटका नसते. मग दक्षिणेचा वारा येतो आणि काही तासांत चादर शोधावी लागते. वाळवणं मात्र दोन्हीकडे फक्कड होतात, फक्त कुरडया एप्रिलऐवजी जानेवारीत घालायच्या.

पाऊस वर्षाला पर्थमध्ये ७३० मिलिमीटरच्या आसपास, अ‍ॅडलेडमध्ये ५४०. रत्नागिरीकराला हसू येईल, त्याच्याकडे एकट्या जुलैत याहून जास्त पडतो. तरी पर्थची पाण्याची काटकसर बघा: १ जून ते ३१ ऑगस्ट बागेचे स्प्रिंकलर बंद.

थंडी अ‍ॅडलेडला जास्त. जुलैत दुपारीही १५-१६ अंश, पर्थला १८-१९. बाहेरपेक्षा घरातच जास्त गारठायला होतं, कारण बरीच जुनी घरं थंडी अडवायला बांधलेलीच नाहीत. घर बघताना हीटर चालू करून बघा.

मला विचाराल तर पर्थ. सलग ऊन सोसवतं, लहरी ऊन नाही. पण डोंगर, गारवा आवडत असेल तर अ‍ॅडलेडच घ्या. आईबाबांना मात्र कुठेही बोलवा, जानेवारीत नको, मार्च-एप्रिल उत्तम.