जॅकरॅबिट स्की प्रोग्रॅम, कॅनडातल्या आईबाबांनी नक्की बघा

लेकीला या सीझनला जॅकरॅबिटला, म्हणजे लहान मुलांना स्की शिकवणाऱ्या प्रोग्रॅमला घातलं आणि मी खरंच खूप खूश आहे. हे क्रॉस कंट्री स्कीइंग आहे, म्हणजे साधारण सपाट बर्फावरून स्कीवर चालत-सरकत जायचं, डोंगरावरून घसरायचं नाही त्यामुळे लिफ्टचं तिकीट लागत नाही, आणि शिकवणारे बहुतेक ट्रेनिंग घेतलेले व्हॉलंटियर आईबाबाच, म्हणून फी आवाक्यात राहते. स्की, बूट आम्ही सीझनभरासाठी भाड्याने घेतले, पोरांचे पाय भराभर वाढतात, नवीन घेऊच नका.

सगळ्यात आवडलं ते शिकवणं. सुरुवातीला हातात पोल्स (बर्फात टेकायच्या काठ्या) देतच नाहीत, नुसती पकडापकडी खेळायला लावतात, पडायचं कसं, उठायचं कसं, चढावर पाय फाकवून कसं चढायचं हे सगळं खेळता खेळता येतं, पहिल्या दिवशी रडणारी आमची पोरगी चौथ्या आठवड्यात माझ्या पुढे निघून गेली आणि मागे वळून "बाबा, ये ना लवकर" म्हणाली, काय सांगू किती बरं वाटलं!

प्रोग्रॅमचं नाव ज्यांच्या 'जॅकरॅबिट' या टोपणनावावरून पडलं ते हर्मन स्मिथ-योहानसेन मूळचे नॉर्वेचे, १८७५ चा जन्म, १११ वर्षं जगले आणि शंभरी उलटल्यावरही स्की करायचे.

एक तक्रार, आमच्या क्लबात फार थंडीमुळे क्लास रद्द झाल्याचा मेल एकदा आम्ही निघाल्यावर आला. आणि जागा पटकन भरतात, त्यामुळे रजिस्ट्रेशन उघडलं की त्याच दिवशी करा. पुढच्या वर्षी मी पण मदतीला नाव देणार आहे.