बोट तरंगती ठेवायची: फोम की पंप?

रिमोटच्या बोटीत फोम भरावा की पाणी उपसणारा छोटा पंप बसवावा?

फोम स्वस्त, शिवाय बिघडायला त्यात काही नाहीच. एक लिटर फोम साधारण एक किलो वजन तोलतो. म्हणजे दोन किलोच्या बोटीला दोन लिटर पुरे. मात्र बंद पेशींचाच, म्हणजे ज्याच्या आतल्या बुडबुड्यांत पाणी शिरत नाही असा घ्या, साधा स्पंज पाणी पितो. फुगणारा स्प्रे-फोम मी एकदा सढळ हाताने मारला, तर बोटीची कूसच बाहेर आली!

पंप हा शाफ्टच्या (बोटीचा पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या) नळीतून आत झिरपणारं पाणी काढतो, पण बॅटरी संपली की तोही गप्प.

वेगवान, उलटणाऱ्या बोटीला फोमच. तासन्‌तास संथ फिरणाऱ्या जड जहाजाला पंप, आणि जागा उरली तर टोकांना फोमही.