घरी रंगवलेली साखर, आठ महिने वापरल्यावर

केक-कुकीवर भुरभुरवायची ती चमचमती रंगीत साखर विकत आणणं जवळजवळ बंद करून मला आता आठ महिने झाले. पहिल्या पंधरा दिवसांतच उत्साहाच्या भरात लिहायला बसले होते, पण राहून गेलं ते बरंच झालं, कारण तेव्हा मी "सोप्पं आहे हो, पाच मिनिटांत होतं" असं ठोकून दिलं असतं आणि नंतर लोकांच्या शिव्या खाल्ल्या असत्या. रंगवायला पाच मिनिटंच लागतात, ते खोटं नाही. पण साखर रंगवणं वेगळं आणि ती सुटीसुटी टिकवणं वेगळं, सगळी मेख ओलाव्यात आहे.

पहिला प्रयत्न घरात पडून असलेल्या खाण्याच्या पातळ रंगाने केला. अर्धा कप साखर, म्हणजे साधारण १०० ग्रॅम, त्यात दोन थेंब टाकले तर छान फिकट गुलाबी झाली, तिथेच थांबायला हवं होतं पण मला हवा होता लालभडक, मग टाक अजून दोन, टाक अजून चार, असं करत बारा-पंधरा थेंब गेले असतील आणि बघता बघता साखरेचा चिखल झाला. या बाटलीतल्या रंगात बहुतेक पाणीच असतं आणि साखर तर पाण्यात विरघळायला टपलेलीच असते. तरी आशेवर ताटात पसरून ठेवली. सकाळी उलथन्याने खरवडायला गेले तर ताटच उचललं गेलं. शेवटी गरम पाणी ओतून त्याचा पाक केला आणि सरबतात संपवला.

मग जेल कलर, म्हणजे खाण्याचाच पण घट्ट रंग आणला आणि तेव्हापासून तोच. टूथपिकच्या टोकाला लागेल एवढाच घ्यायचा, फिकट रंगाला तेवढा अर्ध्या कपाला पुरतो. साखर झिपवाल्या पिशवीत भरायची आणि टूथपिक साखरेतच खुपसून पुसायची, पिशवीच्या आतल्या भिंतीला लागू द्यायची नाही, कारण तिथे लागला की अर्धा रंग प्लास्टिकलाच राहतो. थोडी हवा आत ठेवून तोंड बंद, आधी खळखळ हलवायचं, मग पिशवी ओट्यावर आडवी टाकून तळव्याने चोळत राहायचं. सुरुवातीला पांढऱ्या साखरेत गडद गुठळ्या फिरताना दिसतात, वाटतं हे काही होत नाही, त्या पिशवीवरूनच चिमटीत धरून चिरडायच्या. तीन-चार मिनिटांनी एकदम सगळीकडे एकसारखा रंग येतो, आणि तो बघायला मला अजूनही मजा येते, आठ महिन्यांनंतरही.

वाळवणं हा खरा कंटाळवाणा भाग. बटर पेपरवर पातळ थर पसरायचा, अधूनमधून काट्याने उकरायचं, हवा कोरडी असेल तर रात्रभरात काम होतं. दमट दिवसांत विसरा, दुसऱ्या दिवशी पण हाताला लागते. तेव्हा मी ओव्हन वापरते पण त्यातही एकदा माती खाल्लीय. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते असं वाचलं होतं, म्हटलं १५० ला काय होतंय, ठेवली आणि फोन आला. वीस-पंचवीस मिनिटांनी आठवण झाली तोवर कडेची साखर पिवळसर पडली होती आणि माझी आकाशी साखर कडेने शेवाळी! वितळायच्या आतसुद्धा ती जास्त वेळ तापली की रंग बदलायला लागते, हे तेव्हा कळलं. आता ओव्हन सगळ्यात कमी आचेवर जरा गरम करते, बंद करते, मग ट्रे आत सरकवते आणि दहा-पंधरा मिनिटं त्या उरलेल्या उबेतच ठेवते. वाळली का हे कळायला माझी एक पद्धत आहे, चमचाभर साखर छोट्या डबीत गच्च बंद करून रात्रभर ठेवायची, सकाळी डबी तिरकी केल्यावर वाळूसारखी घरंगळली तरच बाकीची बरणीत भरायची. ढेकूळ झालं तर अजून वाळव.

आता तक्रार. गडद रंग घरी नीट होत नाहीत, निदान माझ्याकडून तरी नाही. लाल आणि काळ्यासाठी जेल इतका घालावा लागतो की एक तर जिभेला कडवट लागतं आणि दुसरं म्हणजे साखर कधी पूर्ण कोरडी होतच नाही. बऱ्याच जेलमध्ये ग्लिसरीन असतं आणि ते हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे कितीही वाळवा, हात चिकट तो चिकटच. मी काळ्या रंगाचे तीन घाणे वाया घालवले आणि मग नाद सोडला, काळी आणि लाल सरळ विकत आणते. यात कमीपणा काही नाही.

साखर कुठली घ्यायची, तर दाणा जितका मोठा तितकी चमक जास्त, कारण दाण्याच्या सपाट बाजूंवरून प्रकाश परततो. बारीक साखरेला रंग पटकन बसतो पण ती मंद दिसते, आणि पिठीसाखरेच्या वाटेला जाऊच नका, नुसत्या गुठळ्या होतात. साखर पांढरीशुभ्रच हवी. मी एकदा पिवळसर, कमी शुद्ध केलेली वापरली तर निळ्याचा हिरवट झाला.

बीट आणि हळद हा प्रयोगही करून झाला. बीटाचा रस आटवून घट्ट केला, तरी त्यात पाणी राहतंच, आणि आटवताना तो सुंदर गुलाबी रंग तपकिरीकडे झुकला. हळद कोरडीच चोळता येते म्हणून सोपी, रंगही झकास, पण वास येतो आणि उजेडात आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतो. लगेच वापरणार असाल तर करा.

उजेडावरून आठवलं. बरण्या दिसायला इतक्या गोड की मी त्या हौसेने खिडकीत मांडल्या होत्या. दोन महिन्यांनी गुलाबी बरणी पुसायला उचलली तर काचेकडची बाजू जवळजवळ पांढरी आणि भिंतीकडची अजून गुलाबी, एकाच बरणीत! तेव्हापासून सगळ्या कपाटात. फ्रिजमध्येही ठेवू नका, बाहेर काढल्यावर थंड बरणीत दव धरतं आणि वरचा थर दगड होतो. हवेतली आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या वर गेली की साखर आपणहून पाणी ओढायला लागते, म्हणून झाकण घट्ट आणि चमचा कोरडा, एवढं घरातल्यांना पढवून ठेवलंय. ऐकतात असं नाही.

वापराबद्दल. कुकी ओव्हनमध्ये जायच्या आधी भुरभुरवली तर दाणे शाबूत राहतात, रंग किंचित फिका पडतो एवढंच. बटरक्रीमवरही बराच वेळ टिकते. पण फेटलेल्या क्रीमवर आधी टाकून ठेवलीत तर संपलं, अर्ध्या तासात दाणे विरघळून रंगाचे ओघळ येतात, एका वाढदिवसाला केकवरची चांदणी रडल्यासारखी दिसत होती. तिथे अगदी सुरी लावायच्या आधी टाकायची.

एक गंमत माझ्या भाचीने शोधली. हिरवा जेल संपला होता तर तिने पिवळी साखर आणि निळी साखर कोरडीच एकत्र केली. जवळून बघितलं तर वेगवेगळे दाणे, हातभर लांबून मात्र चक्क हिरवी, आणि नुसत्या हिरव्यापेक्षा जिवंत दिसते. आता हिरवी मी मुद्दाम अशीच करते, वेगळं रंगवायला नको, वाळवायला नको.

जांभळ्याचं अजून जमलेलं नाही. गुलाबी आणि निळा जेल मिसळून केली होती, पहिल्या दिवशी अप्रतिम, पण गुलाबी आधी उडतो आणि निळा मागे राहतो. ती बरणी कपाटात असूनही दर महिन्याला जरा जास्तच निळी वाटतेय. परवा भाचीने तिच्यावरची "जांभळी" ही चिठ्ठी खोडून "निळी, बहुतेक" असं लिहून ठेवलंय, आणि मी ते तसंच राहू दिलंय.