खुराड्यासाठी अर्धा इंची वेल्डमेश, घ्याच!

परसातलं खुराडं स्वतः बांधणार असाल तर जाळीत पैसे वाचवू नका, ही गॅल्वनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली) अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्ड केलेली तारेची जाळी, महाग आहे पण एकदम दणकट. दुकानात षटकोनी चिकन जाळी पुढे करतात, ती कोंबड्या आत ठेवते हो, पण कुत्रं ती फाडतं आणि मोठ्या भोकातून साप सरळ पिल्लांपर्यंत. वेल्डमेश फूटभर जमिनीत पुरली की मुंगसालाही उकरून येणं अवघड. कापायला मात्र जिकिरीची, पत्र्याची कात्री लागतेच, आणि कापलेली टोकं लाकडी पट्टीखाली दाबा नाहीतर कोंबड्यांचे पाय चिरतात. कोकणात असाल तर वरचा पत्रा चांगला दोन फूट बाहेर काढा, जाळीतून पाऊस आत येतो आणि खाली अंथरलेलं, विष्ठा मिसळलेलं तूस भिजलं की अमोनियाचा वास सुटतो.