‘१८व्या शतकातलं ओरिजिनल’ मिनिएचर : १ स्टार, तोही पॅकिंगला

गेल्या महिन्यात इथे इंग्लंडात एका ऑनलाइन अँटिकवाल्याकडून ८५ पौंडांना घेतलं, नाव देत नाही. लिस्टिंगमध्ये लिहिलेलं : रिचर्ड कॉसवे, १७८०, हस्तिदंतावर हाताने रंगवलेलं. कॉसवे म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्सचा चित्रकार, त्याचं अस्सल काम ८५ पौंडांत मिळतंय म्हटल्यावर तिथेच शंका यायला हवी होती, पण रात्रीचे साडेअकरा वाजलेले आणि खाली लाल अक्षरात ‘लास्ट वन’. हाताने रंगवलेल्या चित्रात लास्ट वन कसला, हे दुसऱ्या दिवशी सुचलं!

मिनिएचर म्हटलं की आपल्याला कांग्रा, बुंदीची जुनी चित्रं आठवतात, पण हे वेगळं. फोटो नव्हते तेव्हा इंग्लंडातले लोक जवळच्या माणसाचा तळहातात मावेल एवढा चेहरा रंगवून घ्यायचे आणि गळ्यात घालायचे, मागे काचेखाली त्याच माणसाच्या केसांची बट. आज्जीच्या लॉकेटमध्ये आजोबांचा फोटो असायचा ना, तसंच.

तर बॉक्स उघडला, पॅकिंग खरंच मस्त, तीन थर बबलरॅप. बाई सुंदर, पांढरे केस, मागे निळं ढगाळ आकाश, अगदी कॉसवे स्टाइल. मग सोनाराचं भिंग लावलं आणि संपलं. पेपरातल्या फोटोसारखे एका रांगेत ठिपके, गालावर तेच, आकाशात तेच. प्रिंट! वरून कुणीतरी गळ्यातल्या मोत्यांवर पांढऱ्या रंगाचे चार टिपके दिलेत, तेवढंच काय ते हाताचं काम.

खऱ्यात काय असतं ते सांगते. हस्तिदंताचा अगदी पातळ पत्रा, तो तेलकट, पाण्याचा रंग त्यावर धरत नाही म्हणून आधी घासून तेलकटपणा काढायचा. चेहऱ्यावर रंग इतका पातळ द्यायचा की खालचा हस्तिदंतच कातडीसारखा उजळतो. ही युक्ती १७००च्या सुमारास व्हेनिसच्या रोझाल्बा कॅरिएराने सुरू केली, ती तपकिरीच्या डब्यांची हस्तिदंती झाकणं रंगवायची, त्याआधी मिनिएचर चामड्यावर काढायचे. भिंगातून हाताचे ठिपके आणि रेघा वेड्यावाकड्या दिसतात, एकसारख्या कधीच नाही.

आणि सही. माझ्या बाईच्या खांद्याशी ठळक ‘कॉसवे’. कॉसवे सही करायचा ती बहुतेक मागच्या कागदावर, लांबलचक लॅटिनमध्ये, समोर फार क्वचित. समोर सही करणारा म्हणजे त्याच काळातला दुसरा मिनिएचरवाला जॉन स्मार्ट, आद्याक्षरं आणि साल, आणि १७८५ ते १७९५ मद्रासला होता तेव्हा त्यापुढे इंडियाचा ‘आय’. (त्याच सुमारास आपल्या पुण्यात जेम्स वेल्स सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांना रंगवत होता, पण तैलरंगात, मोठ्या कॅनव्हासवर.) जॉर्ज एंगलहार्ट तर हिशेबाची वही ठेवायचा, १७७५ ते १८१३ मध्ये ४,८५३ मिनिएचर, म्हणजे अस्सल माल बाजारात आहे, अगदीच दुर्मिळ नाही, म्हणून तर फसायला होतं.

घ्यायचंच असेल तर आधी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जाऊन खरी बघा, तिकीट नाही. तिथे उजेड मंद असतो, पाण्याचे रंग उजेडाने उडतात म्हणून, डोळे सरावेपर्यंत थांबा.

दुसरं, २०२२पासून इथे हस्तिदंत विकायला बंदी आहे. १९१८च्या आधीच्या छोट्या पोर्ट्रेट मिनिएचरना सूट आहे, पण विकण्याआधी रजिस्टर करावं लागतं. म्हणून सेलरला नंबर विचारला, तर उत्तर आलं, ‘काळजी करू नका मॅडम, ते हस्तिदंत नाहीच, प्लास्टिक आहे.’ स्वतःच्या तोंडाने! त्याचाच स्क्रीनशॉट लावून पैसे परत मिळवले, परतीचं पोस्टेज मात्र माझ्या माथी.

काल सहज बघितलं तर तीच बाई परत लिस्टिंगला, तेच मोती. आता १२० पौंड.