सोलापूरच्या पूर्व भागात भाड्यानं राहणं : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा वापरानंतरचा अनुभव

आधी सरळ सांगतो, ज्यांची झोप सावध आहे आणि ज्यांना घरून काम करायचंय त्यांनी इथं घर बघूच नका. बाकीच्यांनी वाचा.

आम्ही तिघं, मी, बायको आणि पोरगं. आधी सैफुलला होतो, तिकडं निवांत होतं, रस्ते मोठे, पण माझी नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, ऑफिसात, म्हणजे रोज सकाळी अख्खं सोलापूर ओलांडून जायचं आणि संध्याकाळी सात रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये पेट्रोल जाळत परत यायचं. शेवटी पावसाळ्याच्या तोंडावर अशोक चौकाच्या मागच्या अंगाला एका घराचा वरचा मजला घेतला. मित्र म्हणला, "तिकडं कशाला जाऊलालास बे, तेलुगू येतं का तुला?" पूर्व भागात विणकरांची वस्ती, घराघरात तेलुगू, आणि मला येत नव्हतं. आता भाजी घेण्यापुरतं आणि भांडण कळण्यापुरतं येतंय.

तर पहिला विषय आवाज. इथं खाली माग आणि वर माणसं अशी घरं भरपूर, आमच्या बरोबर समोर तसंच एक. धोट्याचे जुने यंत्रमाग आहेत, नवीन मशिनींसारखा घुमल्यागत आवाज नाही, सरळ खटाखट, आणि रात्रपाळी असली की रात्रभर. पहिले काही दिवस बायको कानात कापूस घालून झोपायची, पोरगं मात्र पहिल्याच रात्री गाढ झोपलं. सवय होते हे खरंय, पण फोनवर बोलायचं झालं तर अजूनही मागच्या खोलीत जातो, आणि ऑफिसची मीटिंग घरून घ्यायचा तर नादच सोडून दिला. आवाजापेक्षा मला जास्त त्रास तुसाचा वाटतो, म्हणजे सुताचे बारीक तंतू. पुढच्या खिडकीला डासांची जाळी आहे तिच्यावर हे रोज बसतं, आणि गंमत म्हणजे समोर मागावर काय रंग चाललाय ते जाळीवर दिसतं, मध्ये गणपतीच्या आधी सगळी जाळी गुलाबी झालेली, मग हिरवी, आता बरेच दिवस विटकरी चाललाय. पांढरे शर्ट पुढं वाळत घालायचे नाहीत. दम्याचा त्रास असणारं माणूस घरात असेल तर मी तरी नाहीच म्हणेन.

दुसरा विषय पाणी, आणि हा सगळ्या सोलापूरचाच विषय आहे, एकट्या पूर्व भागाचा नाही. उजनीवरून शंभर किलोमीटरच्या वरून पाइपलाईननं येतं आणि आमच्याकडं चार-पाच दिवसाआड सुटतं, ते पण कधी पहाटे, कधी रात्री अकराला. सैफुलला टाकी मोठी होती म्हणून जाणवत नव्हतं, इथं वर एकच छोटी टाकी आणि खाली हौद शेअरिंगमध्ये, त्यामुळं नळ आला की गल्लीत एकदम लगबग, मोटरी सुरू, पिंपं, घागरी, पातेली, जे रिकामं असेल ते भरायचं. खालून कोणतरी ओरडतं "नीळ्ळू वच्चिनय!", म्हणजे पाणी आलं, आणि सगळ्या जिन्यांवरून पावलं. पाण्याला पाचपैकी दोन, ते दोन पण शेजाऱ्यांमुळं, कारण आम्ही दोघं कामावर असताना नळ आला तर आमची पिंपं भरून ठेवलेली असतात, आणि हे आम्ही कधी सांगितलेलं नव्हतं.

मला वाटतं हा एरिया समजायचा असेल तर एवढंच कळलं पाहिजे की इथं दोनच घड्याळं, मागाची पाळी आणि नळ. बाकी सगळं, खाणंपिणं, दुकानं, गप्पा, झोप, या दोघांच्या मागं फिरतं. तुम्ही तुमचं स्वतःचं टाईमटेबल घेऊन आलात तर रोज वैताग, त्यांच्या टाईमटेबलात शिरलात तर एकदम सोपं.

म्हणजे बघा, पाळी बदलायच्या वेळेला सकाळी इडलीच्या गाड्या फुल्ल असतात, रात्रभर माग चालवून आलेली माणसं उभ्याउभ्या दोन प्लेट संपवून झोपायला जातात आणि नवीन पाळीवाली खाऊन कामाला लागतात. इडली मऊ, बरोबर सांबार असतंच पण खरी मजा शेंगदाण्याच्या पातळ चटणीत, लोक वाटी पुढं करून नुसती चटणी मागून घेतात. रविवारी आरामात नऊ-साडेनऊला गेलात तर डबे रिकामे, गाडीवाला फडकं मारत असतो, "संपलं मालक." सोलापुरात सगळेच मालक, खिशात वीस रुपये असले तरी.

आणि कडक भाकरी. मी जन्मापासून सोलापूरचा, कडक भाकरी काय नवीन नाही, पण सैफुलला ती पाहुण्यांना पाठवायची वस्तू होती, पुण्याच्या मावशीला दोन पाकिटं आणि शेंगा चटणी, संपला विषय. इथं आल्यावर तिचा खरा उपयोग कळला. नळाच्या दिवशी बाई माणूस सकाळपासून पाण्यात, धुणं, भांडी, फरशी सगळं त्याच दिवशी, चूल कोण पेटवणार? मग डब्यातली कडक भाकरी काढायची, ज्वारीची किंवा बाजरीची, पापडासारखी कडकडीत, ती मोडून वाटीत घालायची, वरून दही नाहीतर कालची आमटी, शेंगा चटणी, कांदा फोडून, झालं जेवण. महिना महिना टिकते. चटणी मात्र पाकिटातली घेऊ नका, कांडपावरून घ्या, भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ कुटून कुटून तेल सुटलं पाहिजे, बोटानं दाबली तर गोळा झाला पाहिजे. मिक्सरमधली भुरभुरीत असते, ती शेंगा चटणी नव्हे, तो कूट. यावर वाद नको.

आमच्या घरमालकीणबाई, सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते म्हणून आम्ही पण अक्का, त्या विड्या वळतात. साठीच्या पुढं असतील. दुपारी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसणार, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवून ओल्या कपड्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचं माप ठेवून पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, गर्रकन वळायचं, टोक नखानं दुमडायचं, दोरा मारायचा, आणि हे सगळं टीव्हीवरची मालिका बघत, सुपाकडं नजर पण नाही. मजुरी हजारावर. विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये माल द्यायला गेल्यावर त्यातनं छाट, म्हणजे खराब विड्या, काढतात, ते मोजणीत धरत नाहीत, त्या दिवशी अक्कांचा मूड खराब असतो आणि तेव्हा भाड्याचा किंवा गळक्या नळाचा विषय काढायचा नाही, हे बायकोनं मला शिकवलंय. तंबाखूचा वास जिन्यात कायम असतो, नाक चोंदल्यासारखं होतं सुरुवातीला. हे पण रिव्ह्यूत आलंच पाहिजे कारण घर दाखवताना एजंट हे सांगत नाही.

सणावारांचं सांगायचं तर नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असतो, पद्मशाली म्हणजे इथल्या तेलुगू विणकर समाजाचा मोठा दिवस, त्या दिवशी इकडं गाडी काढायची नाही म्हणजे नाही. बाहेर जाणं आवश्यक असेल तर गाडी आदल्या रात्रीच लांब लावून ठेवा. नवरात्रात बतुकम्मा, तेलुगू बायकांचा फुलांचा सण. ते मी आधी फक्त पेपरात फोटोत बघितलेलं. तरवडाची पिवळी फुलं, झेंडू, कुरडू असं ताटात थरावर थर रचतात, वर निमुळतं होत जातं, आणि बायका मध्ये ते ठेवून टाळ्या वाजवत फेर धरतात. बायकोला तिसऱ्या दिवशी ओढून नेलं, तिला गाणं येत नव्हतं, टाळी येत होती, तेवढ्यावर भागलं. डीजे पण असतो हो, सगळं काय पारंपरिक नाही, मंडळांच्या मिरवणुकीत काचा हादरतात आणि त्यापुढं माग बरे वाटतात.

जानेवारीत गड्डा. सिद्धेश्वरांची यात्रा, ६८ लिंगांना तैलाभिषेक, मग अक्षता, मग होम, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं आणि ७ नंदीध्वज, हे सोलापूरकराला काय सांगायचं. फक्त फरक एवढा की सैफुलवरून जायचं म्हणजे गाडी, पार्किंग, वैताग, यंदा आम्ही चालत गेलो, होम मैदानावर पाळण्यात बसलो, बटाटेवडे खाल्ले आणि चालत परत. पोरग्याच्या शाळेत त्याच आठवड्यात हुतात्मा दिनाचा कार्यक्रम होता, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले सोलापूरचे चौघं, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, तर पाळण्यात वर गेल्यावर हा एकेक नाव ओरडत होता, पाठांतर पक्कं व्हावं म्हणून. खालची माणसं वर बघायला लागलेली. नंतर रमजानात विजापूर वेशीत मीना बाजार, तिथं दोनदा तरी जाऊन खाऊन आलो, पोट बिघडलं ते वेगळं.

पाहुणे आले की चादरी मागतात, त्याचा पण अनुभव लिहितो. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, पण बाजारात त्या नावानं काहीबाही खपवतात. खरी असेल तर दोन्ही बाजूंनी नक्षी दिसते, एका बाजूला जो रंग जमिनीचा तो दुसऱ्या बाजूला नक्षीचा, आणि हातात घेतली की वजन लागतं. नुसती एका बाजूनं छापल्यासारखी दिसली तर सोडा. पहिल्या धुण्याला मिठाच्या पाण्यात भिजवा आणि वेगळी धुवा, नाहीतर आमच्यासारखे बनियन मरून रंगाचे होतील. समोरच्या मागवाल्या अन्नांना विचारलं की चांगली कुठं मिळेल, तर ते म्हणले, "आता चादर कोण करलालंय, सगळे टॉवेलच करलाल्यात." मी टॉवेलच्याच कारखान्यात, काय बोलणार.

आता उन्हाळा लागलाय आणि खरी परीक्षा आत्ता आहे. वरचा मजला म्हणजे स्लॅब दिवसभर तापतो, रात्री बारापर्यंत भिंतीला हात लावला तर गरम. कूलर घेतला, पण कूलरला पाणी लागतं आणि पाण्याचं वर लिहिलंच आहे. मग सगळी गल्ली करते ते आम्ही पण सुरू केलं, संध्याकाळी गच्चीवर वापरलेलं पाणी शिंपडायचं आणि चादरी टाकून वरच झोपायचं. वीज गेली की माग बंद पडतात आणि सगळेच जागे होतात, "गेली का?" "गेली," मग गप्पा. मार्चमध्ये अशाच एका रात्री पलीकडच्या गच्चीवरच्या काकूंनी अंबाडीच्या लोणच्याची बरणी कठड्यावरून दिली, एवढं जहाल की पोरग्यानं रात्री एकला दूध मागितलं.

ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं आहे, संपत आलंय, रिन्यू करतोय. भाडं थोडं वाढवायचं म्हणतात, मी म्हणलं वाढवा पण वर अजून एक टाकी बसवा, त्यावर घोडं अडलंय, अक्का म्हणतात अर्धे पैसे तुम्ही घाला. बहुतेक घालीन. तुम्ही इकडं घर बघायला येणार असाल तर एजंट दुपारी बोलावतो, वीज गेलेली असताना तर हमखास, तेव्हा जाऊ नका, माग चालू असताना जा, खिडकी उघडून दहा मिनिटं उभं राहा, जिन्यात श्वास घेऊन बघा, आणि घरमालकाला नाही, शेजाऱ्यांना विचारा की मागच्या वेळी नळ कधी आला होता आणि किती वेळ होता.